अमेरिकेत प्रायमरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) आधी जे स्ट्रॉ पोल, म्हणजे नुसता कल बघायला घेतलेली मतदानं होतात, ते जिंकलं की राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी पक्की का?

अजिबात नाही. २०११ चं आयोवा राज्य बघा, ऑगस्टमध्ये तिथल्या एम्स शहरात रिपब्लिकन लोकांचा स्ट्रॉ पोल झाला, मत द्यायला ३० डॉलरचं तिकीट, आणि ते बरेचदा उमेदवारच काढून द्यायचे, वर बसने आणायचे, तंबूत जेवण, गाणी सगळं, म्हणजे कळायचं काय तर माणसं जमवायची ताकद कोणाची किती. मिशेल बाकमन पहिल्या आल्या, पण पुढच्या जानेवारीत खऱ्या कॉकसला (उमेदवार निवडायला पक्षाच्या सभांमध्ये होणाऱ्या मतदानाला) थेट सहाव्या! उमेदवारी गेली मिट रॉमनींना, ज्यांनी एम्समध्ये जोर लावलाच नव्हता. वाईट वाटतं ते टिम पॉलेन्टींचं, दोन टर्म गव्हर्नर राहिलेला माणूस, तिसरे आले आणि दुसऱ्याच दिवशी माघार, एकही खरं मत पडायच्या आधी. २०१५ मध्ये पक्षाने हा पोल बंदच केला, बरं केलं.