तिन्हीपैकी नेमकं कशामुळे?

"हे मी काळा आहे म्हणून झालं, गे आहे म्हणून झालं, एचआयव्ही आहे म्हणून झालं, की सगळे माझ्याच मनाचे खेळ?"

अमेरिकेतल्या अटलांटात समुपदेशनाचं काम करताना एचआयव्हीसह जगणाऱ्या कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. मराठीत लिहायचं कारण असं, की आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर का बदलला, याचा काथ्याकूट करत रात्र काढणारी माणसं आपल्याकडेही आहेत. पुढच्या हकिगतीत ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो पस्तिशीचा, एका खानावळीत काम करणारा. कुणीतरी त्याच्या बॅगेतली गोळ्यांची बाटली पाहिली. आठवड्याभरात त्याला गिऱ्हाइकांसमोरच्या कामावरून काढून मागे भांड्यांवर लावलं. त्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल आधीपासूनच होत होती, आणि त्याची जागा मिळाली ती नव्याने आलेल्या एका गोऱ्या मुलाला. डेटिंग अ‍ॅपवर 'फक्त क्लीन मुलांनीच मेसेज करा', म्हणजे एचआयव्ही असलेल्यांनी नको, हे वाचायची तर सवयच झालेली. त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढला होता, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

"गोळी घ्यायला विसरता का?"

"विसरत नाही. कुणी असं वागलं की त्या रात्री बाटली हातात घ्यावीशीच वाटत नाही. झाकण उघडलं की वाटतं, लोक म्हणतात तसाच आहे मी."

हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. दिवसा झालेला अपमान रात्री औषधापर्यंत पोहोचतो, आणि दवाखान्याच्या नोंदीत फक्त 'अनियमित' एवढंच लिहिलं जातं.

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली. घटना आणि आपण तिला दिलेला अर्थ वेगळे करून पाहायचे, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. पण भेदभाव सोसलेल्या माणसाच्या घटनेवरच शंका घेऊ नये, यावर मी ठाम आहे. अलाबामातल्या टस्कीगीत 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या सुमारे 400 कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी संशोधकांनी मुद्दाम उपचारांविना ठेवलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही. ज्यांच्या घराघरांत ही आठवण आहे, त्यांना 'फार मनाला लावून घेता' म्हणणं हा दुसरा अपमान. तपासायचा तो त्यापुढचा विचार: 'म्हणून मीच टाकाऊ.'

"त्यांनी तुम्हाला मागे ढकललं, हे खरं," मी म्हटलं. "तुम्ही टाकाऊ आहात, हे कुणी ठरवलं?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण कारण कळल्याशिवाय मी भांडू कशाच्या जोरावर?"

नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी समान रोजगार संधी आयोगाच्या तक्रारीचा नमुना अर्ज मी त्याच्यासमोर ठेवला. भेदभावाचं कारण विचारणारे चौकोन त्यात असतात: वंश, लिंग, अपंगत्व वगैरे. 1998 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने लक्षणं नसलेला एचआयव्हीही अपंगत्वविषयक कायद्याच्या संरक्षणात आणला. 2020 मध्ये समलिंगी असण्यावरून कामावरून काढणं हा लिंगभेद ठरवला. तो एकेका चौकोनावर बोट ठेवत गेला. "एकापेक्षा जास्त खुणा चालतात?"

"चालतात."

"मग मी इतकी वर्षं एकच का शोधत बसलो?"

माझ्या कामातला हा फार समाधानाचा क्षण. घाव घालणाऱ्यालाही कदाचित सांगता येणार नाही अशा कारणाचा तपास घाव सोसणाऱ्याने का करायचा? त्या रात्रीपासून त्याने गोळी दात घासण्याला जोडली; दिवस बरा गेला की वाईट, याच्याशी तिचा संबंध तोडला. काही महिन्यांनी व्हायरल लोड दर मिलिलिटर रक्तात विषाणूच्या 200 प्रतींच्या खाली आला. लोड असा दबलेला राहिला तर संभोगातून विषाणू पसरत नाही, हे त्याला ठाऊक होतं. आता त्यावर त्याचा विश्वास बसला. खानावळ त्याने सोडली. तक्रारीचा निकाल अजून लागायचा आहे.

दरवेळी भांडलंच पाहिजे असं नाही. जीव किंवा घरभाडं धोक्यात असेल तर गप्प राहून बाहेर पडणं हीसुद्धा शहाणी निवड, आणि तिला भित्रेपणा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. पुरावा न मागता ऐकून घेईल असा एक तरी माणूस मात्र जोडा. त्याला त्याच दिवशी फोन करा. दारूने तो प्रसंग पुसला जात नाही, उलट पहाटेपर्यंत पुन्हा पुन्हा दिसतो. गोळी चुकलीच तर स्वतःला शिक्षा म्हणून पुढची टाळू नका, दवाखान्याला विचारा.

आणि तारीख, वेळ, बोललेले शब्द, तिथे कोण होतं, हे लगेच लिहून ठेवा. अटलांटा ज्या राज्यात आहे त्या जॉर्जियातल्या खासगी नोकरीत आयोगाकडे जायला घटनेपासून 180 दिवस मिळतात. ते मन मोकळं होण्याची वाट पाहण्यात भराभर संपतात, म्हणून आधी कुणा वकिलाशी किंवा आयोगाच्या कार्यालयात बोलून घ्या. रडायला माझ्याकडे नंतरही येता येईल.