सूत्रं पाठ आहेत, तरी बीमचं गणित सुरूच होत नाही?

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स आणि स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस एकदम अंगावर आले, सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं समजतं, पण कोरा कागद घेतला की पहिली ओळच सुचत नाही, आणि तोवर एखादं डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकावं का, असं तुम्ही विचारलंय. सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. तुमचं सूत्रांवाचून काही अडलेलं दिसत नाही. बहुतेक फ्री बॉडी डायग्राम (एखादा भाग सुटा करून त्याच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढला जात नसेल, किंवा शोभेपुरता काढला जात असेल.

एकच बीम, म्हणजे तुळई, घ्या आणि पुरता पिळून काढा. स्पॅन (टेकूंमधलं अंतर) ६ मीटर, दोन्ही टोकांना सिंप्ली सपोर्टेड (नुसता टेकलेला), अंगावर मीटरला २० किलोन्यूटन सारखा पसरलेला लोड. एकूण १२०, म्हणजे प्रत्येक टेकूवर ६०. आता डावीकडून २ मीटरवर बीम मनातल्या मनात कापा आणि डावा तुकडा बाजूला, नव्या आकृतीत काढा. त्याच्यावर खालून वर ६०, वरून खाली २ गुणिले २० म्हणजे ४०, आणि कापलेल्या तोंडावर एक शिअर (बीमला कापू पाहणारं उभं बल) व एक मोमेंट (बल गुणिले अंतर, वाकवणारा परिणाम). शिअर ६० वजा ४०, म्हणजे २०. मोमेंट ६० गुणिले २ वजा ४० गुणिले १, म्हणजे ८० किलोन्यूटन मीटर. हे दोन आकडे सूत्राशिवाय आले. मध्यावर कापलंत तर ९० येतात, तेच डब्ल्यू एल वर्ग भागिले ८ (डब्ल्यू म्हणजे मीटरचा लोड, एल म्हणजे स्पॅन). म्हणजे ते सूत्र एका ठरावीक जागी मारलेल्या कापाचं उत्तर आहे, एवढंच.

आता हाच बीम उजव्या टेकूच्या पुढे २ मीटर लटकता वाढवा, लोड तोच. इथे पाठांतरवाले घसरतात, कारण ते स्पॅनमध्ये पुन्हा ९० लिहितात. डाव्या टेकूभोवती मोमेंट घ्या: एकूण १६० किलोन्यूटन, त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर ४ मीटर, म्हणून उजव्या टेकूचं वर ढकलणारं बल, म्हणजे उजवी रिअ‍ॅक्शन ६४० भागिले ६ म्हणजे १०६.७ आणि डावी ५३.३. शिअर शून्य होतो २.६७ मीटरवर, तिथला मोमेंट ७१.१. उजव्या टेकूवर मोमेंट ४०, पण हॉगिंग, म्हणजे ताण वरच्या बाजूला. आणि मोमेंटची खूण (अधिक-वजा) बदलते डावीकडून ५.३३ मीटरवर, टेकूच्या ६७ सेंटिमीटर आधी. म्हणजे वरच्या सळया फक्त लटकत्या भागात टाकून भागत नाही. त्या टेकू ओलांडून त्या ६७ सेंटिमीटरच्याही पुढे, अँकरेजसाठी (सळई काँक्रीटमध्ये घट्ट धरली जाण्यासाठी) लागणाऱ्या लांबीइतक्या आत न्याव्या लागतात. बेंडिंग मोमेंट डायग्राम काढायचा तो यासाठी: ताण कुठे वर आहे, कुठे खाली, हे सळईवाल्याला सांगता यावं म्हणून. कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच बाजूला आधार असलेल्या, बाल्कनीत मुख्य सळया खाली टाकल्या, किंवा काँक्रीट ओतताना वरच्या जाळीवर पाय देऊन ती दाबली गेली, तर हिशोब कितीही बरोबर असो, बाल्कनी टिकत नाही.

जोडांचाही फ्री बॉडी काढायची सवय लावा, तिथे आळस महागात पडतो. १९८१ साली कॅन्सास सिटीत एका हॉटेलमधले टांगते मार्ग कोसळून ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही मार्ग छतापासून आलेल्या एकाच सलग रॉडवर होते. बांधताना रॉडचे दोन तुकडे केले आणि खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या बीमला टांगला. रॉडमधला एकूण ताण दोन्हीकडे तोच राहतो, म्हणून बदल निरुपद्रवी वाटतो. पण वरच्या बीमखालच्या नटाचा फ्री बॉडी काढा: आधी त्याच्यावर एका मार्गाचा भार होता, आता दोन्ही मार्गांचा. दुप्पट. मुळातली जोडणीही पुरेशी मजबूत नव्हती, त्यात हे.

युनिट्सबद्दल एक युक्ती. सगळं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये आणा. मीटरला २० किलोन्यूटन म्हणजे मिलिमीटरला २० न्यूटनच, आकडा बदलत नाही. पहिल्या बीमचा छेद ३०० बाय ४५० धरा, काँक्रीटचा इलॅस्टिक मोड्युलस (त्याच्या कडकपणाचं माप) २५,००० मेगापास्कल: मधलं डिफ्लेक्शन, म्हणजे खाली झुकणं, साधारण ६ मिलिमीटर, स्पॅनच्या हजाराव्या भागाइतकं. तडे आणि क्रीप (लोडखाली काँक्रीटचं हळूहळू दबत जाणं) धरले तर प्रत्यक्षात ते बरंच वाढतं, पण ६ मीटर किंवा ०.००६ मिलिमीटर आलं तर शून्यं चुकली हे कॅल्क्युलेटर सांगणार नाही, तुम्हालाच दिसलं पाहिजे. त्यासाठी काही आकडे जिभेवर हवेत: आरसीसी (सळया घातलेलं काँक्रीट) घनमीटरला २५ किलोन्यूटन, म्हणजे १५० मिलिमीटर स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३.७५. स्टील ७८.५. पाणी ९.८१. आणि रुंदी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट, खोली दुप्पट केली तर आठपट.

प्रॅक्टिकल्सना जर्नल भरण्याचं काम समजू नका. काँक्रीटचा १५० मिलिमीटरचा क्युब ५६२.५ किलोन्यूटनला फुटला तर ताकद २५ मेगापास्कल. हा भागाकार कुणालाही येतो. बघायचं असतं ते वेगळंच: ओतलेली, फिरवलेली बाजू प्लेटला लागलेली नाही ना, क्युब मध्यावर बसलाय ना, फुटल्यावर चारही बाजू सारख्या निघाल्या की एकच कोपरा उडाला. कोपरा उडाला असेल तर काँक्रीटला दोष देण्याआधी लोड तिरका लागला का ते तपासा. आणि मिश्रण करताना ‘जरा घट्ट वाटतंय’ म्हणून पाणी वाढवू नका. ५० किलो सिमेंटला २५ लिटर म्हणजे गुणोत्तर ०.५. त्यात ५ लिटर वाढवलं की ०.६ झालं, आणि ताकद चांगलीच खाली आली.

सॉइल मेकॅनिक्समध्ये सगळं इफेक्टिव्ह स्ट्रेसभोवती फिरतं. पाणी जमिनीच्या पातळीला, संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) मातीचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन: ५ मीटर खोलीवर एकूण दाब चौरस मीटरला १०० किलोन्यूटन, पाण्याचा ४९, मातीच्या कणांवर उरले ५१, हाच इफेक्टिव्ह स्ट्रेस. पाणी उपसलं की हे ५१ वाढतात आणि शेजारची इमारत खचू शकते. एवढं पक्कं झालं की कन्सॉलिडेशनचा (पाणी हळूहळू निघून माती दबण्याचा) धडा निम्मा हलका होतो.

सर्व्हेइंगचं थोडक्यात: बॅकसाइटची (मागच्या बिंदूवरच्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (पुढच्या बिंदूवरच्या वाचनांची) बेरीज शेवटच्या आणि पहिल्या लेव्हलच्या फरकाशी जुळली, म्हणजे फक्त तुमची बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) चुकीचा वाचला असेल तर ती तपासणी गप्पच राहते. सुरू केलेल्या बिंदूवर परत येऊन लेव्हल बंद करा आणि दोन्ही साइटची अंतरं सारखी ठेवा, कोलिमेशनची चूक (यंत्राची नजर नेमकी आडवी नसल्याने होणारी) तिथेच कटते.

आता सॉफ्टवेअर. शिका, पण पहिलं मॉडेल वरच्या लटकत्या बीमचंच करा. रिअ‍ॅक्शनची बेरीज १६० यायला हवी. १६० पेक्षा जास्त आली तर प्रोग्रामने बीमचं स्वतःचं वजन आपणहून मिळवलंय का बघा. बेरीज १६०च असून डाव्या टेकूवर मोमेंट शून्य दिसत नसेल, तर तिथे पिन्डच्या (टोक फिरू देणाऱ्या) जागी फिक्स्ड (फिरू न देणारा) सपोर्ट दिला गेलाय. बहुतेकांकडून पहिल्यांदा हेच होतं.