चिकन कोरडे पडू नये म्हणून ते मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवावे का? मीठ किती, वेळ किती आणि तेच पाणी पुन्हा वापरता येते का?

आपण छातीचे बोनलेस तुकडे ग्रिल पॅनवर किंवा ओव्हनमध्ये करता, असे आपण कळवले आहे. त्यासाठी मिठाच्या पाण्याचा, म्हणजे ब्राइनचा, उपयोग निश्चित होतो. मात्र आपण दोन तक्रारी एकत्र केल्या आहेत. ब्रॉयलरचे मांस कोरडे पडते ही एक, आणि गावाहून आणलेली गावठी कोंबडी चिवट लागते ही दुसरी. दोन्हींची कारणे निराळी आहेत आणि ब्राइनचा इलाज पहिल्या तक्रारीपुरताच आहे.

छातीच्या मांसात चरबी फार कमी असते. तापमान वाढत गेले की स्नायूंमधील प्रथिने आकसतात आणि त्यांच्यात अडकलेले पाणी बाहेर पडू लागते, म्हणून चार-पाच मिनिटे जास्त शिजले तरी हे मांस भुसभुशीत लागते. मीठ आत शिरले की स्नायूतंतूंमधील प्रथिनांची घट्ट बांधणी सैल होते, त्यांतील काही अंशतः विरघळतात, तंतू फुगतात आणि पूर्वीपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतात. शिजताना पाणी जाते ते जातेच. परंतु सुरुवातीलाच ते थोडे अधिक असते आणि गळतीही कमी होते, त्यामुळे ताटात येणाऱ्या तुकड्यात फरक जाणवतो. यावर नेहमी एक शंका घेतली जाते: काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर पाणी सुटते, मग मांसाचे उलट कसे होते? मांसालाही आरंभी थोडे पाणी सुटते, विशेषतः कोरडे मीठ चोळल्यावर. पण काकडीत अशी फुगणारी प्रथिने नसतात आणि मांसात ती भरपूर असतात, म्हणून सुटलेले पाणी बरेचसे परत शोषले जाते.

आता प्रमाण. एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवावे. तुकडे त्यात बुडतील एवढे पाणी घ्यावे आणि भांडे स्टीलचे, काचेचे किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचे असावे, अॅल्युमिनियमचे नको. मीठ मात्र काट्यावर तोलूनच घ्यावे, हा माझा आग्रह आहे. इंटरनेटवरील बहुतेक पाककृती अमेरिकेतील असतात आणि त्यांत ‘एक कप कोशर सॉल्ट’ असे लिहिलेले असते. त्या मिठाचे कण मोठे व पोकळ असल्यामुळे काही ब्रँडचे एक कप मीठ वजनाने आपल्या बारीक मिठाच्या जवळजवळ निम्मेच भरते. ते वाचून येथे कपभर बारीक मीठ घातले की चिकन खारट होते आणि दोष ब्राइनला दिला जातो. काटा नसेल तर मोजमापाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्याने सपाट नऊ चमचे बारीक मीठ एका लिटरला पुरते. मीठ आयोडीनयुक्त आहे, जाडे आहे की सैंधव, याने फारसे काही बिघडत नाही. वजन तेवढे सारखे हवे.

बोनलेस तुकड्यांना अर्धा ते दीड तास पुरतो, हाडासकट तंगड्यांना दोन-तीन तास आणि सव्वा किलोच्या अख्ख्या कोंबडीला पाच-सहा तास. जास्त वेळ ठेवले म्हणजे जास्त मऊ, हा हिशेब येथे चालत नाही. मर्यादा ओलांडली की मांस खारट तर होतेच, शिवाय हॅमसारखे रबरी लागू लागते. हा सारा वेळ भांडे फ्रिजमध्येच असले पाहिजे आणि पाणीही आधी गार केलेले असावे. मिठाचे पाणी आहे म्हणून ओट्यावर राहिले तरी चालेल, असे समजू नये. एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका पत्करूच नये.

बाहेर काढल्यावर तुकडे कागदी रुमालाने चांगले कोरडे करावेत, नाहीतर ते पॅनवर भाजले न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात. मसाल्यात पुन्हा मीठ घालू नये. ब्राइनमध्ये मिरी, तमालपत्र, लसूण घालण्याची रीत आहे, पण त्यांचा स्वाद पृष्ठभागापलीकडे फारसा जात नाही. मी ते घालत नाही, तोच मसाला वरून लावलेला मला अधिक पटतो.

खरे सांगायचे तर घरी मी बहुधा पाणी वापरतच नाही. आपल्या फ्रिजमध्ये पातेले मावण्याइतकी जागा असतेच कुठे? एक किलो चिकनला १२ ग्रॅम मीठ सर्व बाजूंनी चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले, तर परिणाम जवळपास तोच मिळतो आणि मांसाची मूळ चव पातळ होत नाही. कातडीसकट कोंबडी भाजायची असेल तर हीच पद्धत चांगली, कारण उघडी ठेवलेली कातडी फ्रिजमध्ये सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते. उघडे ठेवायचे तेव्हा सर्वांत खालच्या कप्प्यात आणि इतर पदार्थांपासून दूर ठेवावे. दह्याच्या मॅरिनेशनमध्येही पुरेसे मीठ घालून काही तास ठेवले तर तेथे मीठ हेच काम करत असते, त्यामुळे टिक्का करायचा असेल तर वेगळे ब्राइन करण्याची गरज नाही. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र रात्रभर लावून ठेवू नये. त्याने बाहेरचा थर पिठूळ होतो.

गावठी कोंबडीचे तसे नाही. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असतानाच विकला जातो. गावठी कोंबडी कितीतरी महिने हिंडलेली-फिरलेली असते आणि तिच्या संयोजी ऊतींतील कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे प्रथिन, घट्ट झालेले असते. ते मिठाने सुटत नाही, ओलसर उष्णतेत बराच वेळ शिजल्यावरच त्याचे मऊ जिलेटिन होते. म्हणून तिचा रस्साच करावा, मंद आचेवर किंवा कुकरमध्ये. ब्रॉयलरच्या रस्स्यालाही ब्राइन लागत नाही. मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवण्याची घरोघरची रीत तेथे पुरेशी आहे.

ब्राइन केले म्हणून शिजवण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तुकड्याच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की चिकन खाण्यास सुरक्षित होते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ते कोरडे होत जाते. त्यामुळे एक साधा प्रोब थर्मामीटर, म्हणजे सळई मांसात खुपसून आतले तापमान दाखवणारा, ब्राइनपेक्षाही अधिक उपयोगी पडतो. घरात रक्तदाबामुळे मीठ कमी खाणारे कोणी असेल, तर त्यांचे तुकडे ब्राइनमध्ये न घालता केवळ थर्मामीटरच्या भरवशावर करावेत. परदेशातील वाचकांनी टर्की किंवा चिकन घेताना वेष्टन वाचावे. त्यात मिठाचे द्रावण आधीच भरलेले असेल, किंवा पक्षी कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या रीतीने मीठ लावून तयार केलेला, असेल, तर पुन्हा ब्राइन करू नये.

राहिला तेच पाणी पुन्हा वापरण्याचा प्रश्न. अजिबात वापरू नये. त्यात कच्च्या मांसाचा रस आणि जंतू उतरलेले असतात, शिवाय मिठाचे प्रमाणही बदललेले असते. ते शिंतोडे न उडवता सिंकमध्ये ओतावे आणि नंतर सिंक व हात साबणाने धुवावेत.