मी तसा नाही, हे तिला माहीत नाही का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुरुष, वय ३६. माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची, अगदी घट्ट मैत्री, माझ्या बायकोचंही तिच्याशी छान जमतं. मागच्या महिन्यात आम्ही दोघं एका कार्यक्रमाहून रात्री उशिरा माझ्या गाडीने परत येत होतो आणि हायवेवर गाडी बंद पडली, मेकॅनिक यायला तासभर लागणार होता. ती जरा बाजूला गेली आणि तिने बहिणीला लाइव्ह लोकेशन आणि माझ्या गाडीचा नंबर पाठवला, मला स्क्रीन दिसली. तेव्हा गप्प बसलो पण डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी विषय काढला तर म्हणाली, "अरे सवय आहे ती, तुला नाही कळणार." हे जास्त लागलं. मी बहिणींमध्ये वाढलोय, स्वयंपाक करतो, रडायला लाजत नाही, मी टिपिकल पुरुष नाहीच आहे. मग मला सगळ्यांच्या रांगेत का उभं करायचं? की स्त्री-पुरुषांची निखळ मैत्री खरंच होत नाही?

उत्तर : मैत्री होते, तुमची झालेलीच आहे. ज्या बाईला तुमच्याबद्दल शंका असती ती रात्री तुमच्या गाडीत बसलीच नसती.

सुनसान हायवे, रात्र, कोण येणार माहीत नाही, मेकॅनिकही अनोळखी, अशा वेळी तिने लोकेशन पाठवलं, यात तुमच्यावर संशय कुठून आला? पण मी मुद्दाम अवघड बाजू धरते. समजा ते काही अंशी तुमच्यामुळेच पाठवलं असेल, तरी काय बिघडलं?

एक माहिती सांगते. २००७ साली जर्मनीत हाताच्या पकडीची ताकद मोजली होती, तरुण मुलगे आणि मुली दोघांचीही, तर ९० टक्के मुलींची पकड ९५ टक्के मुलग्यांपेक्षा कमी भरली. म्हणजे साधारण मुलगासुद्धा जवळजवळ सगळ्या मुलींना भारी आहे. यात तुमचं काही कर्तृत्व नाही आणि गुन्हाही नाही, जन्माने मिळालंय. तुम्हाला हा फरक रोज आठवायची वेळच येत नाही, तिला मात्र अंधार पडल्यावर रिक्षात बसताना, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये तो आपोआप आठवतो आणि हात फोनकडे जातो. ही सवय तुमची ओळख व्हायच्या आधीपासूनची असणार, त्यामुळे तुम्ही माणूस म्हणून कसे आहात याचा हिशोब त्यात नसतोच.

आता तुमच्या टिपिकल नसण्याबद्दल. ते खरं असेल, मला त्यात अजिबात शंका नाही. जॅनेट हाइड नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरची ४६ मोठी विश्लेषणं एकत्र तपासली, गणित, भाषा, स्वभाव, आत्मविश्वास, सगळं. त्यातले ७८ टक्के फरक अगदी छोटे किंवा जवळजवळ शून्य निघाले. म्हणजे मनाने तुम्ही आणि तुमची मैत्रीण खूप सारखे असाल, एवढी वर्षं जमलंय ते उगाच नाही. पण जे मोजके फरक मध्यम किंवा मोठे निघाले ते कुठले, तर लांब आणि जोरात फेकण्याची ताकद, पकड, शारीरिक आक्रमकता आणि लैंगिक वागण्यातल्या काही गोष्टी. बघा जरा ही यादी. रात्री हायवेवर उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यात नेमक्या ह्याच गोष्टी फिरतात, समोरच्याला स्वयंपाक येतो की नाही हे तिथे कोण बघतंय? तुम्ही हळवे आहात म्हणून तुमचं शरीर हळवं होत नाही ना.

आणि "मी तसा नाही" हे वाक्य जरा बाजूला ठेवा असं मी अगदी कळकळीने सांगेन. चांगली माणसंच ते म्हणतात, पण ते म्हटलं की ऐकणं तिथेच थांबतं, मग समोरची बाई स्वतःचं सांगायचं सोडून तुमची समजूत काढत बसते.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीये पण मला विचारावंसं वाटतं. लोकेशनवरून तुम्ही एकदम निखळ मैत्रीवर कसे आलात? २०१२ मध्ये अमेरिकेत कॉलेजमधल्या मित्र-मैत्रिणींच्या जोड्यांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं, तर मुलांना मैत्रिणीबद्दल ओढ सरासरी जास्त वाटत होती आणि तिलाही आपल्याबद्दल वाटतंय असा त्यांचा अंदाज जरा जास्तच निघाला. ही सरासरी आहे, तुम्ही त्यात बसता की नाही हे मला इथून कळणार नाही, ते तुम्हीच एकदा शांतपणे, कुणालाही उत्तर द्यायचं नाहीये असं समजून बघा. थोडी ओढ असली म्हणून मैत्री खोटी ठरत नाही, कितीतरी मैत्र्या ती बाळगून आयुष्यभर व्यवस्थित चालतात. पण असेल आणि स्वतःशीच नाकारत असाल तर मग असल्या छोट्या गोष्टी नको तितक्या लागतात, आणि का लागल्या तेही कळत नाही.

"तुला नाही कळणार" याचंही ओझं घेऊ नका. पेटिग्रू आणि ट्रॉप या दोन मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या गटांतल्या माणसांच्या संपर्कावरचे ५१५ अभ्यास गोळा केले होते, संपर्काने पूर्वग्रह कमी होतात हे त्यातून दिसलं, आणि पुढे २००८ मध्ये त्यांनी असं दाखवलं की दुसऱ्या गटाबद्दल माहिती वाढून जितका फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक भीती कमी झाल्याने आणि समोरच्याच्या जागी जाऊन बघता आल्याने पडतो. त्यामुळे तुम्हाला सगळं कळायलाच हवं असं काही नाही. तिला एकदा विचारा, रात्री बाहेर असताना तुला काय काय बघावं लागतं गं? आणि मग ती बोलेल तेव्हा उपाय सुचवू नका, स्वतःचं उदाहरण देऊ नका, नुसतं ऐका. पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर "बहिणीला कळवलंस का" हे तुम्हीच आधी विचारा, तिला बाजूला जावं लागणार नाही.

प्रश्न : ताई, मी २२ वर्षांची आहे. मला लहानपणापासून मुलांमध्येच बरं वाटतं, मुलींच्या गप्पा, मेकअप, ते रुसवेफुगवे मला जमतच नाही, मी इतर मुलींसारखी नाहीच. एक मित्र म्हणतो तू नक्की ट्रान्स आहेस, दुसरा म्हणतो काही नाही, नुसती टॉमबॉय आहेस. मला खरं काय ते कसं कळणार?

उत्तर : त्या दोघांकडून तर नाहीच कळणार, बाळा. मलाही पत्रावरून कळणार नाही आणि मी ठरवणारही नाही.

आवडीनिवडी आणि आपण आतून कोण आहोत ह्या गोष्टी आधी वेगळ्या कर. सँड्रा बेम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये जी प्रश्नावली केली तिच्यात पुरुषी गुण आणि बायकी गुण दोन वेगळ्या मापांवर मोजले, कारण एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. काही मुलींना जन्माआधीच, पोटात असताना पुरुषी हार्मोन जास्त मिळतात, अशा मुली लहानपणी मुलांची समजली जाणारी खेळणी सरासरी जास्त निवडतात, पण त्यातल्या बहुतेक जणी मोठेपणीही स्वतःला बाईच समजतात. म्हणजे मुलांमध्ये बरं वाटतं एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पण काहींच्या बाबतीत ते खरोखर वेगळं असतं, बाई म्हणून घेणंच आतून जुळत नाही. तो आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या यादीत ते मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलंय. तुझं तसं असेल तर घाबरायचं कारण नाही, आणि नसेल तरी काही कमी पडलं असं नाही.

स्वतःला विचारायचं तर असं विचार, मुलींवरची बंधनं उद्या सगळी गेली, कुणी काही म्हणणार नाही, तरी ही अस्वस्थता राहील का? घरी एकटी असताना, कुणी बघत नसताना, स्वतःचं शरीर परकं वाटतं का, की फक्त चारचौघांत? बाई म्हणून हाक मारली की नेमकं काय खुपतं? उत्तरं लिहून ठेव, आणि तुला हव्या असलेल्या उत्तराच्या विरुद्ध जे जाईल तेही लिही, ते वगळू नकोस. काही महिने जाऊ दे, उत्तरं बदलतात का बघ.

आणि एक बोलू का, "इतर मुलींसारखी नाही" म्हणतेस, तर यातल्या किती मुलींना तू जवळून ओळखतेस? दोघी-तिघींशी नीट मैत्री करून बघ, तुझ्यासारख्या निघतील कदाचित, किंवा तू खरंच वेगळी आहेस हे तरी कळेल.

जमलं तर समुपदेशकाकडे जा, पण पहिल्याच भेटीत जो तुला उत्तर देऊन टाकेल, कुठलंही, त्याच्याकडे परत जाऊ नकोस. आणि त्या दोन मित्रांना सांग की माझं अजून ठरलेलं नाही, ठरेल तेव्हा मीच सांगेन.