देणगीआधीचा भागाकार

प्रश्न: वडिलांच्या स्मरणार्थ १ लाख रुपये लहान मुलांच्या लसीकरणासाठी द्यायचे आहेत. दोन संस्था डोळ्यांसमोर आहेत. एकीचा प्रशासकीय खर्च ८ टक्के, दुसरीचा २२. पहिलीलाच द्यावेत ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: एवढ्यावरून ठरवू नका. पैसा कुठल्या खात्यावर पडला ते या टक्केवारीतून कळतं, त्यातून काय साधलं ते नाही. शिवाय पर्यवेक्षकाचा पगार ‘प्रशासना’त धरायचा की ‘उपक्रमा’त, हे बरेचदा संस्थाच ठरवते.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ गावांत सेवा मंदिर संस्थेबरोबर झालेला प्रयोग पाहा. गावं सोडतीनं तीन गटांत विभागली. एका गटात दरमहा न चुकता लसीकरण शिबिर. दुसऱ्यात शिबिर होतंच, वर दर लसीकरणामागे १ किलो डाळ आणि सगळ्या लशी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. तिसऱ्यात नवं काहीच नाही. १ ते ३ वर्षांच्या मुलांतलं पूर्ण लसीकरण अनुक्रमे १८, ३९ आणि ६ टक्के निघालं. डाळ वाटणं हिशेबनिसाला उधळपट्टी वाटेल. पण शिबिराला दहा मुलं येवोत की तीस, नर्सचा पगार तेवढाच. डाळीमुळे शिबिराला येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि पूर्ण लसीकरण झालेल्या दर मुलामागचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला!

तेव्हा दोन्ही संस्थांना लेखी विचारा: गेल्या वर्षी पगार-भाड्यासकट एकूण खर्च किती, आणि सगळ्या लशी पूर्ण झालेली मुलं किती? भागाकार तुम्ही करा. ‘लाभार्थी’ हा आकडा मात्र घेऊ नका. एकच मूल पाचदा आलं की कागदावर पाच लाभार्थी होतात.

दुसरा प्रश्न अवघड: ‘तुम्ही नसता तर यातल्या किती मुलांना सरकारी केंद्रात लस मिळालीच असती?’ बहुतेक अहवाल इथेच लंगडे पडतात, कारण त्यांत फक्त आधीचं आणि नंतरचं असतं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत राबवली, तेव्हा तुलनेसाठी आणखी ४७ गावांतले जन्म-मृत्यूही मोजले. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आला. ४७ गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. म्हणून तर ही घट आपोआप झाली नाही, असं म्हणता येतं.

छोट्या संस्थेला असा अभ्यास परवडत नाही, मान्य. ती सिद्ध झालेली पद्धत उचलत असेल, तर काय गाळलं ते विचारा. गडचिरोलीत प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचं वजन करायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायची. भेटी गाळून नुसती औषधाची पिशवी वाटली, तर त्या आकड्यांचा आधार घेता येणार नाही.

प्रश्न: देणगी रोख दिली तर करात सूट मिळते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: २,००० रुपयांपर्यंतच. त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन द्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही.