‘आवाज कमी करा’ नको, ‘बेस कमी करा’ म्हणा

तुमची अडचण थोडक्यात अशी: समोरच्या रेस्टॉरंटच्या अंगणात रोज रात्री गाणी वाजतात, आवाज मोजायच्या मीटरवर आकडा मर्यादेच्या आत येतो, मालक म्हणतो ‘आम्ही नियमातच आहोत’ आणि तुमचा मात्र डोळ्याला डोळा लागत नाही. मी साउंड सिस्टिम बसवायचं काम करतो. अशा तंट्यांत कधी हॉटेलवाल्यांकडून बोलावणं येतं, कधी सोसायटीकडून. माझ्या मते तुम्ही खरं बोलताय आणि बहुधा मालकही.

गोम आहे ती डीबीए या मापात, म्हणजे मीटरच्या ‘ए’ सेटिंगवर मोजलेल्या डेसिबलमध्ये. ‘ए’ सेटिंगवर मीटर खालच्या स्वरांना फारसं मोजतच नाही; ६३ हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं; आकडा जितका लहान, स्वर तितका खालचा) तो तब्बल २६ डेसिबल वजा करतो. आणि बंद खिडकीतून घरात शिरतात ते नेमके हेच स्वर. गायकाचे शब्द, गिटार काचेवर बरेचसे अडतात. किक ड्रम आणि बेस आरपार येतात. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास ७ मीटर लांब असते, कुंड्यांची रांग किंवा बांबूचा पडदा तिला काय अडवणार! म्हणून गाणं कोणतं चाललंय ते तुम्हाला कळत नाही, नुसती धपधप उशीपर्यंत येते. मीटर ‘सी’वर टाकून पुन्हा मोजा, त्यावर खालचे स्वरही मोजले जातात. दोन आकड्यांत १५-२० चा फरक निघाला तर दुखणं बेसचं आहे. मोबाइलवर हे करू नका, त्याच्या माइकला खालचे स्वर नीट पकडता येत नाहीत. साधा का होईना, खरा मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

ही काही तुमची नाजूक प्रकृती नव्हे. न्यूयॉर्कच्या ध्वनिनियमांत अशा ठिकाणच्या संगीताला शेजाऱ्याच्या घरात ४२ डीबीएची हद्द आहेच, शिवाय ६३ ते ५०० हर्ट्झमधल्या स्वरांच्या प्रत्येक पट्ट्याला ४५ डेसिबलची वेगळी हद्द घातली आहे. एकट्या डीबीएने भागत नाही हे तिथे कायद्यानेच मान्य केलंय.

आता मालकाकडे काय मागायचं? ‘आवाज कमी करा’ म्हणालात तर तो तुमच्यादेखत मास्टर फेडर, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करायची पट्टी, खाली घेईल आणि अर्ध्या तासाने तो पुन्हा वर गेलेला असेल. यात लबाडीच असते असं नाही. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, १९११ पासून माहीत असलेली गोष्ट. लोक मोठ्याने बोलू लागले की संगीत ऐकू येईनासं होतं, मग कुणीतरी ते वाढवतं, की लोक आणखी मोठ्याने. त्यामुळे मागणी अशी करा, जी बटणाने परत फिरवता येणार नाही.

पहिली मागणी स्पीकरच्या जागेची. कोपऱ्यात दोन मोठे स्पीकर लावून शेवटच्या टेबलापर्यंत आवाज फेकायचा, हीच बहुतेक अंगणांतली मूळ चूक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे ८ मीटरवरच्या टेबलाला जितकं ऐकू यायला हवं, त्यासाठी २ मीटरवरच्या छोट्या स्पीकरपेक्षा १२ डेसिबल जास्त सोडावे लागतात, आणि ते तिथेच थोडे थांबणार? टेबलांजवळ छोटे स्पीकर, तोंड खाली आणि आतल्या बाजूला, हा सरळ उपाय. सबवूफर गच्चीवर किंवा स्लॅबवर असेल तर खाली रबरी पॅड हवेत, नाहीतर इमारतच वाजते. खरं तर जेवणाच्या जागी उघड्यावर सबवूफर हवाच कशाला, असं माझं मत आहे. धंदेवाल्यांना ते पटत नाही.

दुसरी मागणी लिमिटरची, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणाऱ्या यंत्राची, आणि तो कसा लावायचा हे महत्त्वाचं. मी मालकालाच तक्रारदाराच्या बेडरूममध्ये पाठवतो, खिडकी बंद, फोन कानाला. खाली मिक्सरवर मी. ‘६३ हर्ट्झ खाली घेतोय, येतंय अजून?’ ‘येतंय.’ ‘आता?’ ‘थोडं थोडं.’ असं करत धपधप विरेपर्यंत जायचं, तिथे लिमिटर कुलूपबंद करायचा आणि पासवर्ड डीजेकडे द्यायचा नाही. गंमत म्हणजे तोवर खाली जेवणाऱ्यांपैकी कुणाच्या काही लक्षातही आलेलं नसतं. हे काम रात्रीच करा. दुपारी रहदारीत सगळं बुडून जातं, शिवाय निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार झाली की आवाज खाली वळून लांबवर पोचतो.

‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ हे उत्तर येणारच. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१४ पासून आणि इंग्लंडच्या नियोजन धोरणात २०१८ पासून तत्त्व आहे की जो नव्याने येतो त्याने आवाजाची तजवीज करायची. जुन्या संगीताच्या जागेशेजारी टॉवर उभा राहिला तर चांगल्या काचांचा खर्च बिल्डरचा. मला हे रास्त वाटतं. पण काल फक्त जेवण देणाऱ्या जागेने आज उघड्यावर डीजे बसवला, तर बदल त्यांनी केला आहे, भले पाटी जुनी असो.

आणि एक तपासा: तुम्हाला जाग नक्की कशाने येते? अनेकदा गाणी थांबलेली असतात. फाटकात रेंगाळणारे लोक, गाड्या सुरू होणं, रिकाम्या बाटल्या डब्यात ओतणं, शटर. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ ते २०१८ या काळात मिरिक मिलान ‘नाइट मेयर’, म्हणजे रात्रीचे धंदे, रहिवासी आणि पालिका यांच्यातला दुवा होते, तेव्हा काही क्लबांना २४ तासांचे परवाने मिळाले. त्यामागचा एक विचार असा की ठरावीक वेळेला सगळी गर्दी एकदम रस्त्यावर येऊ नये. तुमच्याकडे रात्रभर चालू ठेवा म्हणत नाही मी. पण आधी संगीत बंद, मग दिवे वाढवायचे, मग बिलं, अशी उतरती रात्र ठेवली तरी फाटकातला गलका बराच पांगतो.

आठवडाभर वही ठेवा: वेळ, कोणता आवाज, कोणती खोली, वारा कुठून. एवढं करूनही मालक बधला नाही तर परवाना नूतनीकरणाच्या वेळी अटी लेखी मागा. बाहेरचं संगीत आतल्यापेक्षा लवकर बंद, सीलबंद लिमिटर, रात्री फोन उचलणारा एक माणूस आणि बाटल्या सकाळीच टाकायच्या. बाटल्यांची अट सगळ्यात वर लिहा. तिला पैसे लागत नाहीत, म्हणून ती चटकन मान्य होते आणि पुढचं बोलणं सुरू होतं.