दलित स्त्रीच्या चित्रणाचा अभ्यास सुरू करताना

हिंदी कथेतील दलित स्त्री हा विषय तुम्ही निवडला आहे, तर समीक्षाग्रंथ काही काळ बाजूला ठेवून आधी प्रेमचंदांच्या दोन कथा एकापाठोपाठ वाचाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. ‘ठाकुर का कुआँ’ (१९३२) या कथेत आजारी नवऱ्यासाठी रात्री विहिरीवर गेलेली गंगी मनोमन सवर्णांच्या श्रेष्ठत्वालाच प्रश्न विचारते. त्याच वेळी पाणी भरायला आलेल्या दोन बायका आपल्या घरच्या पुरुषांच्या हुकमतीबद्दल कुरकुरत असतात, आणि तरीही त्यांच्या चाहुलीने गंगीला झाडाच्या अंधारात लपावे लागते. हा प्रसंग ओळीओळीने तपासा, कारण कथेचे खरे सामर्थ्य मला तिथेच दिसते. ‘कफन’मधील बुधिया मात्र प्रसूतिवेदनांनी तळमळत मरते आणि तिच्या वाट्याला एकही संवाद येत नाही. या कथेवर दलित समीक्षकांनी घेतलेले आक्षेप मुळातून वाचल्याशिवाय मत बनवू नका.

त्यानंतर आत्मकथनांकडे वळा. ओमप्रकाश वाल्मीकी यांचे ‘जूठन’ (१९९७) बहुतेक जण वाचतात. कौसल्या बैसंत्री यांचे ‘दोहरा अभिशाप’ (१९९९) मात्र अनेकदा सुटते, याची मला खंत वाटते. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या या लेखिकेने जातीच्या जाचासोबत पतीकडून झालेला छळही हिंदीत निर्भीडपणे मांडला. त्याच्या शेजारी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ ठेवून दोघींनी घरातील सत्तेविषयी काय लिहिले आहे, याची स्वतंत्र टिपणे काढा.